आजीचा प्रश्न, नातीचं उत्तर आणि रोबोंच्या स्पर्धेतलं भाकीत

एप्रिल जवळ आला की अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांतून इकडे व्हिडिओ कॉल येतात आणि त्यात एक बातमी असते : "आजी, आमची टीम ह्यूस्टनला चाललीये!" आजी साहजिकच विचारते, "मग जिंकणार का?" त्यावर दहावीतली नात म्हणते, "आमचा ओपीआर चांगलाय गं, पण डिव्हिजन कठीण आलंय. आणि आम्हाला कोण पिक करतं, त्यावर आहे सगळं."

आजी "बरं बरं, सांभाळून जा" म्हणते आणि विषय तिथेच थांबतो. मला याची हळहळ वाटते, कारण नातीने दोन वाक्यांत एक अवघड शास्त्र अचूक सांगितलेलं असतं. ओपीआर, डिव्हिजन आणि पिक हे तीन शब्द उलगडले, की विद्यार्थ्यांच्या या जागतिक रोबो-स्पर्धेत कोणते संघ जेतेपदाच्या शर्यतीत असणार हे कसं ओळखतात, ते कळतं. ते आपण आज उलगडू. शाळेतल्या गणितापेक्षा जास्त काही लागणार नाही.

आधी खेळ समजून घेऊ

डीन केमन या अमेरिकी संशोधकांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली. एमआयटीचे प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स त्यांच्या जोडीला होते. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आज 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन', म्हणजे एफआरसी, या नावाने ती चालते आणि तीन हजारांहून अधिक संघ तीत उतरतात. बहुतेक उत्तर अमेरिकेतले. पण इस्रायल, तुर्कस्तान, ऑस्ट्रेलिया, ब्राझील इथलेही. मुंबईचा 'आर फॅक्टर' हा ६०२४ क्रमांकाचा संघही या कुटुंबातला. इथे प्रत्येक संघाला कायमचा क्रमांक असतो आणि मुलं एकमेकांना त्या क्रमांकानेच ओळखतात.

दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. कधी चेंडू उंच टोपलीत टाकायचे, कधी नळ्या दांड्यांवर अडकवायच्या, शेवटी बहुधा लोंबकळायचं किंवा चढायचं. मुलं काही आठवड्यांत माणसाच्या वजनाचा रोबो बांधतात. मार्चभर स्थानिक स्पर्धा चालतात आणि त्यांतून निवडलेले सुमारे ६०० संघ एप्रिलमध्ये ह्यूस्टनच्या जॉर्ज आर. ब्राउन अधिवेशन केंद्रात जमतात.

एक सामना साधारण अडीच मिनिटांचा. पहिली १५-२० सेकंदं रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, कुणी हात लावायचा नाही. पुढची सुमारे सव्वादोन मिनिटं मुलं तो चालवतात. आणि सगळ्या गुंत्याचं मूळ ज्यात आहे तो नियम असा : मैदानात तीन विरुद्ध तीन रोबो असतात. तिघांच्या गटाला 'आघाडी' म्हणू. साखळी सामन्यांत आघाड्या संगणक ठरवतो आणि त्या दर सामन्याला बदलतात. आत्ता जो तुमच्या खांद्याला खांदा लावून खेळला, तो तासाभराने समोर उभा असतो.

गुण मात्र आघाडीला मिळतात. फलकावर दिसतं : लाल १४२, निळे ११८. त्या १४२ मध्ये कुणाचे किती, हे फलक सांगत नाही.

भाजीच्या पिशवीचा हिशेब

मंडईत भाजीवाली सुटा भाव सांगत नाही, एकूण आकडाच सांगते, असं समजा. पहिल्या पिशवीत एक किलो टोमॅटो आणि एक किलो कांदे, सत्तर रुपये. दुसऱ्या पिशवीत एक किलो कांदे आणि एक किलो बटाटे, साठ रुपये. तिसरीत टोमॅटो आणि बटाटे, पन्नास. तिन्ही पिशव्यांची बेरीज १८०. प्रत्येक भाजी दोनदा आलीय, म्हणून तिन्ही भाज्या एकेक किलो मिळून ९० रुपयांच्या. त्यातून कांदे-बटाट्याचे साठ वजा केले की टोमॅटो तीस. तसेच कांदे चाळीस आणि बटाटे वीस. कुणी भाव सांगितला नाही, तरी तो निघाला, कारण त्याच भाज्या वेगवेगळ्या जोड्यांनी आल्या होत्या.

ओपीआर म्हणजे नेमकं हेच. संघ म्हणजे भाजी, आघाडी म्हणजे पिशवी, फलकावरचे गुण म्हणजे बिल. आघाड्या सतत बदलत असल्यामुळे प्रत्येक संघाचा 'भाव' काढता येतो. हा संघ आघाडीच्या गुणांत सरासरी किती भर घालतो, त्या आकड्याला ओपीआर म्हणतात.

फरक एवढाच, की कांद्याचा भाव निदान दिवसभर तोच राहतो. रोबो एका सामन्यात पन्नास गुण करेल आणि पुढच्यात त्याची साखळी निखळेल. मग सगळ्या बिलांशी तंतोतंत जुळणारे भाव निघतच नाहीत. म्हणून असे भाव शोधायचे की सगळ्या बिलांशी मिळून होणारी चूक कमीत कमी असेल. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी धूमकेतूंच्या कक्षा काढताना १८०५ मध्ये ही रीत छापली. त्याच रीतीने आज शाळकरी मुलं लॅपटॉपवर चाळीस-चाळीस संघांचे ओपीआर काढतात. मला हे फार सुंदर वाटतं.

ही रीत चालण्यासाठी पिशव्या भरपूर हव्यात. चाळीस संघ आणि प्रत्येकी १२ सामने असलेल्या स्थानिक स्पर्धेत ८० सामने होतात, म्हणजे १६० बिलं आणि ४० अज्ञात भाव. ह्यूस्टनला संघ आठ गटांत वाटतात, त्यांना डिव्हिजन म्हणतात; एका डिव्हिजनमध्ये ७५ च्या आसपास संघ आणि प्रत्येकी १० सामने. म्हणजे सुमारे २५० बिलं, पण अज्ञात भाव ७५. दर भावामागे बिलं कमी झाली. सगळ्यात मोठ्या स्पर्धेत आकडा उलट थोडा जास्त डळमळीत असतो.

हा आकडा कुठे फसतो

भाज्यांच्या किमतींची बिनबोभाट बेरीज होते. रोबोंच्या गुणांची तशी बेरीज होईलच असं नाही.

२०२५ चा खेळ घ्या. मैदानात प्रत्येक आघाडीसाठी षट्कोनी आकाराचं एक प्रवाळ होतं. त्याला वरच्या तीन पातळ्यांवर प्रत्येकी १२, म्हणजे ३६ फांद्या. एका फांदीवर एकच नळी बसते. सगळ्यात वरच्या फांदीला नळी लावली की ५ गुण. आता वरच्या फांद्या भरण्यात पटाईत असे तीन रोबो एका आघाडीत आले तर? वर १२ च जागा. तिघांचे ओपीआर मिळवून जो आकडा येतो तो मैदानात येऊच शकत नाही; जागाच संपते. तिथे एखादा रोबो खालच्या पातळ्या भरणारा किंवा चेंडू बाजूला करून वाट मोकळी करणारा असेल, तर त्याचा ओपीआर बेताचा असूनही आघाडीचा फायदा जास्त.

काही खेळांत तर ही रीत मुळातच अडखळते. २०१८ च्या खेळात तराजूची बाजू जितके सेकंद तुमच्याकडे झुकलेली, तितके गुण. तराजू एकदा झुकला की त्यावर आणखी दहा ठोकळे रचले तरी जास्तीचा एक गुणही नाही. रोबो घाम गाळतोय आणि फलक हलत नाही. २०१४ मध्ये एकच मोठा चेंडू तिघांनी एकमेकांकडे देत गोल करायचा होता. दोन रोबोंचा हात लागला तर वरचे १० गुण, तिघांचा लागला तर ३०. म्हणजे ज्याला स्वतः गोल मारता येत नाही, पण चेंडू नीट घेऊन पुढे देता येतो, असा साधा रोबो प्रत्येक फेरीला २० गुण वाढवत होता. दहीहंडीत सगळ्यांच्या नजरा वरच्या गोविंदावर असतात. पण तळच्या थरातला माणूस ढळला तर हंडी फुटत नाही. हंडीचं श्रेय तळच्या थराला किती, हे बेरीज-वजाबाकीने कसं काढणार?

बचाव करणाऱ्या रोबोचंही तसंच. तो स्वतः गुण करत नाही, समोरच्याचे होऊ देत नाही. त्याचा ओपीआर कमीच दिसतो.

मिठाचा अंदाज

ओपीआरची दुसरी अडचण म्हणजे तो स्पर्धेतल्या सगळ्या सामन्यांना सारखं वजन देतो आणि मागच्या स्पर्धेचं काहीच लक्षात ठेवत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यातला रोबो आणि एप्रिलमधला रोबो यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. मुलं मधल्या काळात रोबोचा हात बदलतात, प्रोग्रॅम सुधारतात, तो चालवण्याचा सराव करतात.

यावर उपाय बुद्धिबळातून आला. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी प्राध्यापक अर्पाद एलो यांनी खेळाडूंच्या मानांकनाची एक पद्धत बसवली. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिचं तत्त्व स्वयंपाकातल्या मिठासारखं आहे. नव्या गावचं मीठ, नवं भांडं. पहिल्या दिवशी सवयीने टाकलं, चव घेतली, कमी वाटलं, दुसऱ्या दिवशी चिमूटभर वाढवलं. मानांकनही तसंच : सामन्याआधी अंदाज बांधायचा, निकालाशी ताडून पाहायचा, आणि जितकी चूक झाली तितक्या प्रमाणात संघाचा आकडा थोडा वर किंवा थोडा खाली करायचा. एफआरसीमध्ये आता ईपीए नावाचा असाच आकडा वापरतात. हंगामाच्या सुरुवातीला तो मागच्या हंगामांच्या कामगिरीवरून धरतात आणि मग प्रत्येक सामन्यागणिक सुधारत नेतात. ओपीआर म्हणजे एका स्पर्धेचा हिशेब, ईपीए म्हणजे सामन्यागणिक सुधारत जाणारा अंदाज.

पण मानांकन म्हणजे निकाल नव्हे, हे नागपूरकरांना मी काय सांगावं. २०२५ च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकात दिव्या देशमुख मानांकनात पंधरावी होती आणि चषक तीच घेऊन आली.

"दरवर्षी खेळ नवा, मग जुन्याच संघांची नावं का येतात?"

हा आक्षेप अगदी रास्त आहे. चेंडूऐवजी नळ्या आल्या, टोपलीऐवजी फांद्या आल्या. सगळे शून्यापासून सुरू करतात असं वाटतं.

सुरू करत नाहीत. खेळ बदलला तरी चाकं, मोटारी, गिअर, सेन्सर, प्रोग्रॅमचा पाया बदलत नाही. कार्यशाळा तीच राहते, शनिवार-रविवार येणारे अनुभवी अभियंते तेच राहतात, प्रायोजक राहतात. नववीतलं पोर बारावीतल्याकडून शिकतं आणि चार वर्षांनी शिकवतं. पेरणीला पाऊस दरवर्षी वेगळा, पण जमिनीचा कस तोच, तसं हे आहे.

कॅलिफोर्नियात सॅन होजेचा २५४ क्रमांकाचा 'चीझी पूफ्स' हा संघ २०११, २०१४, २०१७, २०१८ आणि २०२२ मध्ये विजेत्या आघाडीत होता. (२०१७ ते २०१९ या तीन वर्षांत जागतिक स्पर्धा दोन शहरांत वेगवेगळ्या होत, त्यामुळे दरवर्षी दोन विजेत्या आघाड्या असत.) कोविडमुळे बुडालेली दोन वर्षं सोडली तर २०११ ते २०२५ या काळात १३ हंगाम झाले. त्यांतले ५ या एका संघाच्या वाट्याला. हे विलक्षण आहे. पण उरलेल्या ८ हंगामांत, जवळजवळ दरवर्षी ज्यांचं नाव आधी घेतलं जातं, ते २५४ जिंकले नाहीत हेही तितकंच खरं. नाव पाहून केलेलं भाकीत बऱ्यापैकी चालतं, आणि बरोबर येण्यापेक्षा चुकतंच जास्त वेळा.

एसएससीचे ९० आणि सीबीएसईचे ९०

आता आकड्यांची तुलना. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी आपल्याकडे दरवर्षी वाद होतो : राज्य मंडळाचे ९० टक्के आणि केंद्रीय मंडळाचे ९० टक्के सारखे धरायचे का? इथे तोच प्रश्न आहे. मिशिगनमधले संघ २००९ पासून 'डिस्ट्रिक्ट' पद्धतीने खेळतात : आधी दोन स्थानिक स्पर्धा, मग त्यांतून निवडलेल्यांची जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा, मग ह्यूस्टन. इस्रायल, ओंटारिओ इथेही तशीच रीत आहे. दुसरीकडे एखादा संघ परदेशात जाऊन एकच स्पर्धा खेळतो आणि थेट ह्यूस्टनला पोचतो. एकाचे तीस-चाळीस सामने तपासायला मिळतात, दुसऱ्याचे जेमतेम दहा-पंधरा.

तगड्या प्रांतात समोर बचाव कडक असतो, तिथे गुण मिळवणं अवघड. सोप्या स्पर्धेत मोकळं मैदान, आकडा फुगतो. वेगवेगळ्या प्रांतांचे आकडे एका तराजूत आणायला दोन्हीकडे खेळलेले संघ लागतात, आणि असे संघ थोडे. म्हणून दूरच्या देशातून आलेल्या, एकच स्पर्धा खेळलेल्या संघाचा आकडा कमी दिसला तर मी तो 'कमकुवत' असं वाचत नाही. 'अजून नीट माहीत नाही' असं वाचतो. या दोन वाचनांत मोठा फरक आहे आणि बहुतेक भाकितं तिथेच घसरतात.

तीस वेळा चालू राहायचं आहे

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म सरासरीत नाही, बंद पडण्यात आहे. हे थोडं सावकाश पाहू.

ह्यूस्टनमध्ये आठ डिव्हिजन असतात. त्यांना शास्त्रज्ञांची नावं आहेत : आर्किमिडीज, क्युरी, डेली, गॅलिलिओ, हॉपर, जॉन्सन, मिलस्टीन, न्यूटन. प्रत्येक डिव्हिजनमध्ये साखळी संपली की आठ आघाड्यांची बाद फेरी होते. आठ डिव्हिजनचे विजेते मग 'आइनस्टाइन' नावाच्या मैदानावर भिडतात. सध्याच्या रीतीत दोनदा हरल्याशिवाय कुणी बाद होत नाही. तरी कुठेही न हरणाऱ्या आघाडीला डिव्हिजनमध्ये किमान ५ आणि आइनस्टाइनवर किमान ५, असे १० सामने जिंकावे लागतात.

दहा सामने, प्रत्येकात तीन रोबो. म्हणजे तीस वेळा 'रोबो सुरू झाला आणि शेवटपर्यंत चालला' असं व्हायला हवं. दहापैकी एका सामन्यात बिघडणारा रोबो वाईट म्हणता येणार नाही. पण तसे तीन घेतले, तर एका सामन्यात तिघंही धड असण्याची शक्यता ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे सुमारे ७३ टक्के. दहाच्या दहा सामन्यांत तिघंही धड असण्याची? ४ टक्के. आता शंभरांत तीनदाच बिघडणारे रोबो घ्या. तोच हिशेब केला तर ४० टक्के. चारावरून थेट चाळीस!

एका रोबोच्या ओपीआरवर या फरकाचा परिणाम किरकोळ दिसतो. पन्नास गुणांचा रोबो दहात एकदा बंद पडला तर सरासरी पंचेचाळीसवर येते, एवढंच. सरासरी ही गोष्ट लपवते. बॅटरीची सैल जोडणी, मैदानाशी संपर्क ठेवणाऱ्या रेडिओची निसटलेली वायर, ताणून तुटलेला पट्टा. जेतेपद अशा जागी हातचं जातं. म्हणून अनुभवी संघ गुणांच्या शेजारी दुसरा रकाना ठेवतात : किती सामन्यांत जागेवर थिजला?

हा रकाना भरायला माणसं लागतात. प्रेक्षागृहात प्रत्येक संघाची मुलं बसलेली असतात. मैदानात सहा रोबो, म्हणून सहा मुलं, एकेक रोबो वाटून घेतलेला. कुठल्या पातळीवर किती नळ्या, एका फेरीला किती सेकंद, कुणाला अडवलं, शेवटी चढला की घसरला, सगळं नोंदवतात. याला ते स्काउटिंग म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचा १६७८ क्रमांकाचा 'सिट्रस सर्किट्स' हा २०१५ चा विजेता संघ या कामासाठी नावाजलेला आहे. दिवसभर मान खाली घालून नोंदी करणाऱ्या या मुलांचं कौतुक बक्षीस समारंभात फारसं होत नाही. ते व्हायला हवं.

गल्ली क्रिकेटमधली भिडू-निवड

नातीचा तिसरा शब्द होता पिक. गल्लीत क्रिकेट खेळताना दोन कप्तान आळीपाळीने भिडू मागतात, ते आठवा. इथे साखळीतले पहिले आठ संघ कप्तान होतात आणि मैदानाच्या मधोमध उभं राहून एकेक भिडू मागतात. पहिल्या फेरीत क्रम एक ते आठ. दुसऱ्या फेरीत उलटा, आठ ते एक. म्हणजे पहिल्या आघाडीला पहिली आणि सोळावी पसंती, आठव्या आघाडीला आठवी आणि लगेच नववी. ह्यूस्टनला चौथाही भिडू घेतात, कुणी मोडला तर उभा करायला. मागितलेल्या संघाला नकार देता येतो, पण मग दुसऱ्या कुणालाही तो मागता येत नाही. स्वतः कप्तान असेल तरच पुढे खेळेल.

इथे भाकिताचं रूप पालटतं. प्रेक्षक गंमत म्हणून अंदाज बांधतात. इथली मुलं अंदाज बांधतात कारण उद्या त्यावरून भिडू मागायचा असतो. निवडीच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत बसून पसंतीची यादी तयार होते आणि त्या यादीत पहिल्या दोन-तीन नावांपेक्षा चौदावं ते सोळावं नाव जास्त वाद घालायला लावतं. वरचे संघ सगळ्यांनाच माहीत असतात. सोळाव्या पसंतीला मोती कोण शोधतो, त्यावर पहिल्या आघाडीचं नशीब ठरतं.

यादीत सगळ्यात मोठा आकडा वर, असं चालत नाही. एक छोटं उदाहरण पाहा. एक भिडू दर सामन्याला नेमाने ३० गुण करतो. दुसरा निम्म्या सामन्यांत ५५ आणि निम्म्यांत ५. सरासरी दोघांची तीसच. समोरची आघाडी १२० करते असं धरा. तुमचे उरलेले दोघं १०० करत असतील, तर भरवशाचा भिडू घेऊन तुम्ही दरवेळी १३० ने जिंकता; लहरी भिडू घेतलात तर निम्मे सामने हरता. पण तुमचे दोघं ८० च करत असतील, तर भरवशाचा भिडू घेऊन दरवेळी ११० वर थांबून हराल. तिथे लहरी भिडूच निम्म्या वेळा १३५ करून जिंकवून देईल. वरचढ आघाडीने भरवसा घ्यावा, दुबळ्या आघाडीने जोखीम घ्यावी. एकच रोबो पहिल्या आघाडीला नकोसा आणि आठव्या आघाडीला हवाहवासा असू शकतो.

मग "हा संघ दावेदार आहे का?" या प्रश्नाला एकट्या संघापुरतं उत्तर नसतंच. कुणाबरोबर, हे विचारावं लागतं.

"डिव्हिजन कठीण आलंय" म्हणजे काय

सहाशे संघ आठ डिव्हिजनमध्ये वाटले जातात. एखाद्या डिव्हिजनमध्ये दिग्गजांची गर्दी होते, शेजारी मोकळं असतं. दहाच साखळी सामने असल्यामुळे जोडीदारांचा योगही मोठा. चांगला रोबो चार वेळा बिघडलेल्या जोडीदारांबरोबर आला, तर तो विसाव्या क्रमांकावर येतो. शिवाय क्रमवारी फक्त जिंकण्यावर नसते. ठरावीक कामं पुरी केल्याचेही क्रमवारी-गुण असतात.

या योगायोगाचं गणित करायला संगणकावर फासे टाकतात. संघांचे आकडे, त्यांतली चढ-उतार, बिघाडाची शक्यता हे सगळं भरायचं आणि पूर्ण स्पर्धा हजारो वेळा खोटी खोटी खेळवायची. दहा हजारांपैकी बाराशे वेळा एखादा संघ जिंकला, तर त्याची शक्यता १२ टक्के. या रीतीला मॉन्टे कार्लो म्हणतात.

बारा टक्के ऐकून लोक नाराज होतात. "एवढा मोठा संघ आणि फक्त बारा?" पण बघा : आपल्या डिव्हिजनमध्ये जिंकण्याची शक्यता निम्मी, म्हणजे ५० टक्के, हीच केवढी मोठी. पुढे आठ विजेत्यांत जिंकण्याची २५ टक्के, म्हणजे सरासरी वाट्याच्या दुप्पट. दोन्ही मिळून साडेबारा. सहाशेंतून इतकी शक्यता असलेला संघ खराखुरा दावेदार असतो. आणि तरीही आठांत सात वेळा तो रिकाम्या हाती परततो. वेधशाळेने पावसाची शक्यता ७० टक्के सांगितली आणि ऊन पडलं, तर एका दिवसावरून वेधशाळा चुकली म्हणता येत नाही. तसे शंभर दिवस पाहायचे आणि सत्तरच्या आसपास पाऊस पडला का ते मोजायचं. भाकीत करणाऱ्यालाही याच मापाने तपासावं.

"मुलांना असं आकड्यांत मोजावं का?"

हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. सोळा वर्षांच्या मुलीने सहा आठवडे रात्री जागून बांधलेल्या यंत्रावर कुणीतरी '११.४' असा शिक्का मारायचा, हे खटकतं. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. एक, हे आकडे बहुतांशी मुलंच काढतात, आणि काढताना आकडा कुठे खोटं बोलतो हेही शिकतात. दोन, या स्पर्धेतला सर्वोच्च मान विजेत्या रोबोला नसतो. तो 'इम्पॅक्ट अवॉर्ड' असतो (आधीचं नाव 'चेअरमन्स अवॉर्ड'), आणि तो संघाने आपल्या शाळेत, गावात काय बदल घडवला यासाठी दिला जातो. ओपीआर त्याला शिवतही नाही. रोबो साधा असूनही अशा कामासाठी ह्यूस्टनला आलेले संघ दरवर्षी असतात.

तेव्हा पुढचा कॉल आला की आजीने "जिंकणार का?" याच्या जागी तीन प्रश्न विचारून बघावेत. तुमचा रोबो किती सामन्यांत मधेच थांबला? तुमच्यासारखंच काम करणारे रोबो तुमच्या डिव्हिजनमध्ये किती आहेत? आणि कप्तान झालात, तर सोळाव्या पसंतीला कुणाला मागणार? तिसऱ्या प्रश्नाला नात खुर्ची पुढे ओढेल आणि लॅपटॉप उघडून ती यादी आजीला दाखवायला लागेल.